जिथे दख्खनचा लाव्हा संपतो

वणी तालुक्यातील राजूरची ओळख दोन गोष्टींनी झाली आहे: कोळसा आणि चुना. ‘राजूर कॉलरी’ हे नाव खाणीमुळे रुळले आणि चुनाभट्ट्यांमुळे गाव आसपासच्या जिल्ह्यांत माहीत झाले. भट्टीत भाजला जाणारा चुनखडक शंभर कोटी वर्षांहून जुना आहे आणि तो एका समुद्राच्या तळाशी साचला. खाणीतला कोळसा पंचवीस कोटी वर्षांपलीकडचा, नद्यांच्या काठच्या दलदलीत गाडल्या गेलेल्या जंगलांचा. गावाच्या पश्चिमेकडे चालू लागले की काळा फत्तर सुरू होतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि तिथून तो थेट सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत पसरलेला आहे. समुद्र, नदी आणि ज्वालामुखी यांनी आपापल्या काळात घडवलेले दगड इथे एका दिवसाच्या पायपिटीत भेटतात. याचे कारण सरळ आहे. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड या भागात आहे. कडेपाशी लाव्हाचा थर पातळ होत जातो, फाटतो आणि त्याखाली झाकलेली जमीन पुन्हा उघडी पडते.

या कडेवर एकोणिसाव्या शतकात एका प्रश्नाचा उलगडा होत गेला. खडकाळ ग्रहाच्या पृष्ठभागावर वाट कोरणारे दोन द्रव असतात, पाणी आणि वितळलेला खडक. दोघेही उताराने धावतात, वळणे घेतात, फाटे फोडतात, सखल जागा भरतात. मग एखादी जुनी दरी समोर आली तर ती कोणाची हे ठरवायचे कसे? वर्धा आणि पैनगंगेच्या खोऱ्यात फिरलेल्या माणसांनी याचे उत्तर तळाशी शोधले. दरीचा आकार दिशाभूल करतो. तिच्या तळाशी उरलेली वाळू, गोटे आणि शिंपले मात्र खरी साक्ष देतात. शंभर वर्षांनी माणसाने मंगळाची छायाचित्रे घेतली, तेव्हा हीच शिकवण पुन्हा उपयोगी पडली.

फत्तराच्या पोटातली गोगलगाय

सुरुवात केली मद्रास फौजेतल्या एका डॉक्टरने. जॉन ग्रँट माल्कमसन हा हैदराबाद आणि नागपूर यांच्यामधल्या मुलखात १८३० च्या दशकात हिंडला. पैनगंगेच्या दक्षिणेला निर्मळकडे जाणाऱ्या डोंगरांत त्याला काळ्या फत्तराच्या दोन थरांमध्ये एक वेगळाच पातळ थर दिसला. तो गारगोटीसारखा कठीण होता आणि त्यात गोगलगाईंचे शंख होते. शंखांचा चुना जाऊन त्यांच्या जागी सिलिका भरली होती, पण घडण जशीच्या तशी शाबूत होती. माल्कमसनने या जीवाश्मांवरचा निबंध १८३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीपुढे मांडला आणि तो १८४० मध्ये छापून आला. त्यात सॉवर्बी या शंखतज्ज्ञाने या गोगलगाईला ‘फायसा प्रिन्सेपी’ असे नाव दिले. कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेपच्या सन्मानार्थ ठेवलेले हे नाव. ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच.

ही गोगलगाय गोड्या पाण्यातली होती, तळ्यांत आणि संथ ओढ्यांत राहणारी. खाली आणि वर जो फत्तर आहे तो एकेकाळी अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला रस होता. म्हणजे एक लाव्हा आला, निवला, त्यावर पाणी साचले, पाण्यात जीव वाढले, आणि मग दुसऱ्या लाव्हाने ते सगळे झाकले. दोन उद्रेकांच्या मध्ये एवढा निवांत वेळ गेला होता, हे त्या शंखांनी सांगितले. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या अशा गाळाला आज आंतरट्रॅपी थर म्हणतात. विदर्भ आणि लगतच्या मुलखात ते जागोजागी सापडतात.

माल्कमसनने या पट्ट्यातल्या गरम झऱ्यांचीही नोंद घेतली. वणी तालुक्यातल्या कायर गावचे झरे आणि पैनगंगेकाठचे उनकेश्वर आजही लोकांना परिचित आहेत. त्या पाण्याची ऊब पाहून खाली ज्वालामुखी धुमसतो आहे असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझले आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, खोलीवरच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते.

नागपूरचे दोन मिशनरी

पुढचा टप्पा नागपूरला घडला. स्कॉटलंडचा स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आला. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर. शाळा आणि धर्मप्रचार हे त्यांचे काम होते, पण दोघांनाही दगड वाचण्याचा नाद होता. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना आंतरट्रॅपी थरातले जीवाश्म सापडले आणि मग त्यांचा शोध दूरवर पसरत गेला. फळे, बिया, पाने, शंख, किड्यांचे पंख असा मोठा संग्रह त्यांनी जमवला. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे साठ मैलांवर असलेल्या मांगली येथील तांबड्या वालुकाश्मातून एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. डायनासोरांचे राज्य येण्यापूर्वी विदर्भातल्या पाण्यात राहणारा हा प्राणी होता.

त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. कोळशाखालचे वालुकाश्म, पानांचे ठसे, लाव्हाखालचे गाळ आणि लाव्हामधले गाळ यांचा क्रम त्यांनी लावला. लाव्हा आणि पाणी यांचे नाते सांगताना त्यांनी एका विस्तीर्ण गोड्या पाण्याच्या सरोवराची कल्पना केली. या मुलखावर मोठे सरोवर पसरलेले होते, त्याच्या तळावर गाळ साचला, त्यावर लाव्हा आला आणि नंतर आणखी लाव्हा खालून थरांमध्ये घुसला, असा त्यांचा तर्क होता. जीवाश्म गोड्या पाण्यातले आहेत हे त्यांचे म्हणणे टिकले, सरोवराचा विस्तार मात्र पुढे टिकला नाही. असे असले तरी या पायावर उभे राहिल्याशिवाय पुढच्यांना पुढे जाता आले नसते.

हिस्लॉपने वर्धेच्या पलीकडच्या वरोरा भागातील पिसदुरा येथूनही हाडे गोळा केली. लाव्हाच्या अगदी खाली असलेल्या लॅमेटा थरातली ही हाडे प्रचंड सरीसृपांची होती. पुढे हे ठिकाण डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेसाठी प्रसिद्ध झाले आणि २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण दाखवले. डायनासोरांच्या काळात गवत होते याचा तो पुरावा ठरला. लाव्हा येण्यापूर्वी या मुलखात नद्या होत्या, त्यांच्या काठी तळी होती, गवत होते आणि ते खाणारे महाकाय प्राणी होते. ज्या जमिनीवर लाव्हा पसरला ती अशी भरलेली जमीन होती.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे घोड्यावरून परतत होता. पावसाने नाला भरून वाहत होता. नाला ओलांडताना हिस्लॉप बुडून मेला. वैदर्भीय नाल्याला पूर किती झटकन चढतो आणि तो किती ताकदीने वाहतो हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. ज्या पाण्याने कोट्यवधी वर्षे हा फत्तर कापला, त्याच पाण्याने त्याच्या अभ्यासकाचा जीव घेतला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याचे नाव आजही चालवते.

ब्लॅनफर्डचे उत्तर

सरोवराच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर दिले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डने. १८६० च्या दशकात त्याने पश्चिम आणि मध्य भारतातला लाव्हाप्रदेश पालथा घातला. त्याचे म्हणणे असे होते: लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. लाव्हाचा माथा उन्हापावसात कुजल्याशिवाय असा पट्टा तयार होत नाही. आंतरट्रॅपी गाळ पातळ आहेत, तुटक आहेत, काही अंतर गेले की संपतात. एकच मोठे सरोवर असते तर त्याचा गाळ सलग आणि जाड असता. म्हणून ही अनेक लहान तळी होती. आणि ती झाली कशी? लाव्हाने ओढ्यानाल्यांच्या वाटा अडवल्या, अडलेले पाणी जागोजागी साचले, त्यात गोगलगाई वाढल्या.

या उत्तराने पाणी आणि लाव्हा यांचे नाते उलगडले. लाव्हालाही पाण्यासारखीच सखल जागा हवी असते, त्यामुळे तो आयत्या तयार असलेल्या नदीच्या पात्रात शिरतो. पात्र भरले की नदी बाजूला ढकलली जाते, नवा उतार शोधते, आणि बहुतेक वेळा निवलेल्या लाव्हाच्या कडेने नवी वाट काढते. पुढचा उद्रेक झाला की तीही वाट बुजते. दख्खनचा मोठा उद्रेक दहा लाख वर्षांहूनही कमी काळात घडला असे आजची मोजमापे सांगतात. तेवढ्या काळात हा खेळ असंख्य वेळा झाला असणार. सध्या सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरलेला हा फत्तर म्हणजे अशा बुजलेल्या वाटांचा साठा आहे.

लाव्हा इतक्या दूर जातो कसा, याचेही उत्तर मिळाले आहे. तापलेल्या दुधावर साय धरावी तसे त्याच्या पृष्ठभागावर कवच धरते. आतला रस त्या कवचाखाली गरम राहतो, कवचाला वर उचलतो आणि पुढे सरकत राहतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या मुखाकडे जो बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा फत्तर, आहे, तो रासायनिक घडणीत सह्याद्रीतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळतो. स्टीफन सेल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले की हा लाव्हा जुन्या नद्यांच्या दऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचला. तसे असेल तर तो पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांपैकी एक ठरतो, आणि त्याला एवढी लांब वाट नद्यांनी आधीच करून ठेवली होती.

वणीच्या आसपासही लाव्हाने आपली खूण सोडली आहे. झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डी परिसरात रस्त्याच्या कामात षट्कोनी खांबांसारखा बेसॉल्ट उघडा पडला आणि २०२१ मध्ये चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी तो लोकांच्या नजरेला आणून दिला. जाड थर निवताना आकसतो आणि भेगा पृष्ठभागापासून आत उतरत जातात, त्यामुळे असे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे.

कोळशाचा शोध, नद्यांचा शोध

ब्लॅनफर्डच्या पाठोपाठ सर्वेक्षणाची माणसे वर्धेच्या खोऱ्यात उतरली ती कोळशासाठी. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता आणि आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने, वून जिल्हा म्हणून ओळखला जाई. आगगाडीला इंधन हवे होते. चंद्रपूरच्या पश्चिमेला सुमारे दहा मैलांवर इरई गावाजवळ फ्रान्सिस फेडनला चुनखडकाचा एक गुळगुळीत, ओरखडलेला पृष्ठभाग दिसला. त्यावर दूरदूरचे गोटे पसरले होते. १८७५ मध्ये त्याने लिहिले की हे ओरखडे बर्फाने काढलेले आहेत. राजूरच्या भट्टीत जातो त्याच जातीचा हा चुनखडक. म्हणजे या तळपत्या मुलखात कोळशाच्या जंगलांआधी बर्फही सरकला होता.

१८७७ मध्ये टी. डब्ल्यू. एच. ह्यूजचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरचा ग्रंथ सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. वरोरा, घुगुस, वणी, बल्लारपूर असा पट्टा त्याने नकाशावर आणला. कोळशाचे थर शोधताना तो खरे तर जुन्या नद्या शोधत होता. बर्फ वितळला, नद्या खोलगट खचलेल्या पट्ट्यातून वाहू लागल्या, वाळू आणि चिखल आणू लागल्या, काठच्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिसची झाडे वाढली, पडली, गाडली गेली. वालुकाश्मातल्या तिरक्या रेघा बघून त्या नद्या कुठल्या दिशेने वाहत होत्या हे आजही सांगता येते. राजूरच्या खाणीत उतरणारा कामगार अशा नद्यांच्या काठच्या जंगलातच उतरत होता.

लाव्हाने हे सगळे झाकले. मग पाणी परतले. जमीन पूर्वेकडे कलली आणि नद्यांनी लाव्हाचा थर कापायला घेतला. वर्धा मुलताईच्या पठारावरून, पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरांतून निघते. लाव्हाच्या कडेपाशी पोहोचल्यावर वर्धेला मऊ वालुकाश्माचा तो जुना खचलेला पट्टा मिळाला आणि तिने तो धरला. जुगादजवळ पैनगंगा तिला मिळते, पुढे वैनगंगेशी भेट होऊन प्राणहिता होते आणि ती गोदावरीला जाते. आजची वर्धा त्यामुळे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांच्या खोलगटातूनच वाहते. मधला लाव्हा तिच्या इतिहासातला एक मोठा अडथळा होता, पण अखेर खोलगटानेच पाण्याला बोलावून घेतले. राजूरचा कोळसा माणसाच्या हाती लागला याचे श्रेयही या कापणाऱ्या पाण्याला आहे. लाव्हाची जाड चादर तशीच राहिली असती, तर खालचे थर कुणाला दिसले नसते.

मंगळावरच्या दऱ्या

ज्या १८७७ साली ह्यूजचा ग्रंथ आला, त्याच साली इटलीच्या जोव्हानी स्कियापरेल्लीने दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेषा पाहिल्या. त्या रेषा नंतर दृष्टिभ्रम ठरल्या, पण दऱ्यांचा प्रश्न १९७१ मध्ये खराच समोर आला. त्या वर्षीच्या जुलैअखेरीस अपोलो १५ चे अंतराळवीर चंद्रावरच्या हॅडली दरीच्या काठावर उतरले. ती वळणावळणाची दरी लाव्हाने घडवलेली होती, पाण्याचा तिथे संबंध नव्हता. नोव्हेंबरमध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले, आणि धुळीचे वादळ शमल्यावर त्याच्या छायाचित्रांत कोरड्या नद्यांसारखी पात्रे दिसली. चंद्राचा धडा ताजा होता, त्यामुळे मंगळावरच्या पात्रांमध्येही लाव्हाचा हात किती, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गंभीरपणे तपासला. पुढे शुक्रावर सुमारे ६८०० किलोमीटर लांबीचे एक पात्र सापडले, आणि शुक्राच्या तापलेल्या पृष्ठभागावर ते पाण्याचे असणे अवघड होते.

मंगळाच्या मोठ्या पात्रांसाठी तुलनेला पृथ्वीवरचा एक बेसॉल्टप्रदेशच उपयोगी पडला. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया पठारावर दख्खनसारखाच लाव्हा पसरलेला आहे. १९२३ पासून भूवैज्ञानिक जे हार्लन ब्रेट्झ सांगत होता की त्या फत्तरातल्या दऱ्या एका प्रचंड पुराने कोरल्या. अनेक वर्षे कुणी ऐकले नाही. हिमनदीने अडवलेले मिसूला सरोवर फुटले आणि हा पूर आला, हे पुढे मान्य झाले आणि १९७९ मध्ये ब्रेट्झला भूविज्ञानातले पेनरोज पदक मिळाले. कठीण बेसॉल्टही पाणी कापू शकते, यावर आता वाद उरला नाही. आपल्याकडे कुकडी नदीवर निघोजचे रांजणखळगे पाहिले की पटतेच.

मंगळावर मात्र पाणी आणि लाव्हा एकाच पात्रातून गेल्यासारखे दिसतात. अथाबास्का नावाच्या पात्राचा आकार पुराचा आहे असे अनेकांनी मानले. २००७ मध्ये बारकाईच्या छायाचित्रांनी दाखवले की त्याचा तळ लाव्हाच्या पातळ थराने मढलेला आहे. पाण्याने कोरले आणि लाव्हाने भरले, की लाव्हानेच सारे केले, यावर चर्चा सुरू आहे. राजमहेंद्रीपर्यंत नद्यांच्या वाटेने गेलेला दख्खनचा लाव्हा ज्याला माहीत आहे, त्याला हे कोडे ओळखीचे वाटेल.

आणि निर्णायक पुरावा पुन्हा तळाशीच सापडला. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी गाडीने गेल विवरात गोलावलेल्या गोट्यांचा घट्ट झालेला थर पाहिला. खडे एवढे गोल व्हायचे तर वाहत्या पाण्याने ते घासायला हवेत. २०२१ मध्ये पर्सिव्हिअरन्स जेझेरो विवरात उतरली. तिथला तळ लाव्हापासून झालेल्या खडकाचा निघाला आणि काठाशी नदीने आणलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश. गाळ, गोटे आणि लाव्हा यांचा क्रम लावूनच त्या ग्रहाचा भूतकाळ उलगडतो आहे. माल्कमसनने गोगलगाईच्या थराला जो प्रश्न विचारला, तोच ही गाडी जेझेरोच्या गाळाला विचारते.

या ज्ञानाचा मूळ पुरावा वर्धा आणि पैनगंगेच्या खोऱ्यात आजही पडून आहे, आणि तो झपाट्याने कमी होतो आहे. उघड्या खाणींनी जे थर कापून दाखवले, ते मातीच्या डोंगरांखाली किंवा साचलेल्या पाण्याखाली पुन्हा झाकले जातात. नाल्यांचे काठ बांधकामासाठी खोदले जातात. खडी फोडणाऱ्याला षट्कोनी खांब हा केवळ दगड असतो. खाण बंद करताना तिच्या भिंतीचा एखादा तुकडा थर दिसतील असा राखणे, शिबल्याच्या खांबांना संरक्षण देणे, वणी आणि राजूरच्या शाळांतील मुलांना तिथे नेऊन चुनखडक, कोळशाचा थर आणि काळा फत्तर हातात देणे, हे खर्चाचे काम नाही. नागपूरला आलेल्या दोन शिक्षकांनी हातोडी घेऊन जे केले त्याहून ते कितीतरी सोपे आहे. दुसऱ्या ग्रहावरची नदी ओळखण्याची विद्या या खोऱ्यात घडली. ती विद्या या खोऱ्यातल्या मुलांना आधी मिळाली पाहिजे.